जुनं पॉकेट वॉच: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

वर्षानुवर्षं पडून राहिलेलं घड्याळ चालत नसलं, तर आत काहीतरी मोडलंय असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा आतलं तेल वाळून त्याचा चिकट गोंद झालेला असतो, एवढंच. खरं नुकसान त्यानंतर होतं. कोणी घड्याळ झटकून पाहतं, कोणी क्राउन (किल्ली द्यायचं वरचं बटण) जोर लावून फिरवतं, कोणी मागचं झाकण उघडून शिवणयंत्राचं तेल सोडतं. "जास्त किल्ली दिल्यामुळे अडकलंय" हे वाक्य तुम्ही ऐकाल, पण त्यावर विश्वास ठेवू नका. किल्ली पूर्ण बसली आणि घड्याळ उभंच राहिलं, याचा अर्थ जोर भरपूर आहे, फक्त चक्रं तो पुढे नेत नाहीत.

हा लेख साध्या लिव्हर पद्धतीच्या, क्राउनने किल्ली द्यायच्या पॉकेट वॉचसाठी आहे. यंत्र सुटं करणं, धुणं, तेल देणं, कमान (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) बदलणं आणि वेळ जुळवणं इतकं यात बसतं. नवा दांडा बसवणं, पिव्हट (दांड्याचं बारीक टोक) घडवणं, हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) नवी जुळवणं ही कामं घड्याळजीची.

१. घड्याळ ओळखा, आणि काही घड्याळं सोडून द्या

नाव-नंबर पाहायचा तो केसवरचा नव्हे, आतल्या यंत्रावरचा. पूर्वी, विशेषतः अमेरिकेत, यंत्र एका कंपनीचं आणि केस दुसरीची असा प्रकार सर्रास होता, त्यामुळे दोन्हींचे नंबर जुळत नाहीत. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन यांच्या नंबरांवरून साधारण वर्ष आणि मॉडेल कळतं, आणि सुटे भाग त्यावरूनच मागवावे लागतात. केसच्या आत "२० वर्षांची हमी" असं कोरलेलं असेल तर ती केस सोन्याचा पत्रा चढवलेली असते, भरीव सोन्याची नव्हे.

यंत्राचा आकार मोजून ठेवा. अमेरिकन मापात १२ साइज म्हणजे ३९.८ मिमी, १६ म्हणजे ४३.२ आणि १८ म्हणजे ४४.९ मिमी. स्विस यंत्रं लीन्यमध्ये मोजतात, आणि एक लीन्य म्हणजे २.२५६ मिमी.

पहिल्या कामासाठी १२ किंवा १६ साइजचं, वेगवेगळ्या ब्रिजचं (चक्रं वरून धरणाऱ्या पट्ट्यांचं) यंत्र घ्या, आणि शक्यतो चालू असलेलं. चालू घड्याळ सुटं करून परत जोडलं आणि ते उभं राहिलं, तर चूक तुमच्या हातून झाली हे नक्की कळतं. बंद घड्याळात जुनी चूक कुठली आणि तुमची कुठली, हे शेवटपर्यंत उलगडत नाही.

हे प्रकार सध्या बाजूला ठेवा:

- साखळी आणि शंकूच्या आकाराची फिरकी असलेलं फ्यूझी घड्याळ. त्यातला जोर काढायची रीत वेगळी असते आणि साखळी तुटली की काम हाताबाहेर जातं.
- १८ साइजचं फुल प्लेट यंत्र. त्यात वरची एकच मोठी प्लेट सगळ्या चक्रांवर एकदम बसवावी लागते.
- काट्यांवर किंवा आकड्यांवर पिवळट-तपकिरी, भुसभुशीत रंग असलेलं घड्याळ. तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं होत नाही, कारण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. चमकवणारं द्रव्य मरतं, रेडियम तसंच राहतं. तो रंग खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका, घड्याळ उघडूच नका.

२. लागणारं सामान

- भिंग: जोडणीसाठी ५ पट, ज्वेल (पिव्हट ज्यांच्या छिद्रात फिरतात ते खडे) आणि पिव्हट तपासायला १० पट
- ०.८ ते २ मिमी पात्यांचे चार-पाच स्क्रू ड्रायव्हर आणि पाती घासायला बारीक दगड
- दोन चिमटे, त्यातला एक अगदी निमुळता आणि चुंबकत्व न धरणारा
- यंत्र धरायचा होल्डर, काटे उचलायची तरफेची जोडी
- पेगवूडच्या (छिद्रं साफ करायच्या लाकडी) काड्या, हवेचा रबरी फुगा, चिकट पुट्टी
- झाकणाच्या काचेच्या वाट्या, बोटांना रबरी टोप्या
- तेलाच्या दोन सुया, दोन प्रकारची तेलं, एक ग्रीस
- डीमॅग्नेटायझर आणि छोटं होकायंत्र

पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीभर बसलं पाहिजे. अरुंद पातं निसटलं की प्लेटवर कायमचा ओरखडा उमटतो. यंत्रं हाती घ्याल तेव्हा असे ओरखडे जागोजागी दिसतील, ते सगळे आधीच्या दुरुस्त्यांचे.

टेबलावर फिकट रंगाचा गुळगुळीत कागद अंथरा आणि टेबलाच्या कडेखाली मांडीवर एक कापड घ्या. स्प्रिंग उडाली की ती जमिनीवर नाही, कापडात पडते.

३. खोलण्याआधी तपासणी

बॅलन्स म्हणजे ते मोठं, पुढे-मागे झुलणारं चक्र. यंत्र सपाट धरून हळूच फुंकर मारा. ते मोकळं झुललं आणि हळूहळू थांबलं तर चांगली खूण आहे. मग चिमट्याच्या टोकाने त्याची कड जराशी वर-खाली हलवून बघा. किंचित हालचाल हवीच, पण बॅलन्स एका बाजूला लुढकत असेल तर दांड्याचं टोक तुटलंय. ही टोकं साधारण ०.१ मिमी जाडीची, म्हणजे जवळपास केसाएवढी. जुन्या घड्याळांत धक्का झेलणारी व्यवस्था नसते, म्हणून एकदा पडलं की हेच टोक आधी जातं. तसं असेल तर इथेच थांबा आणि घड्याळजीकडे द्या.

हेअरस्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटलेले आहेत का तेही बघा. चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटं पुढे धावतं. कारण बहुधा दोनांपैकी एक, तेल किंवा चुंबकत्व. होकायंत्र यंत्रावर धरा. सुई थरथरली तर चुंबकत्व आहे. डीमॅग्नेटायझरच्या पोकळीत घड्याळ धरून बटण दाबा आणि दाबलेलंच ठेवून हातभर लांब न्या, मग सोडा. पोकळीत असतानाच बटण सोडलं तर चुंबकत्व वाढूही शकतं.

४. कमानीतला जोर काढणं

ही पायरी सोडली तर पुढचं सगळं वाया. पॅलेट फोर्क हा चक्रांना रोखून धरणारा शेवटचा अडसर. कमानीत जोर असताना तो काढलात तर सगळी चक्रं एका क्षणात भन्नाट फिरतात, आणि पिव्हट वाकतात किंवा दात तुटतात.

क्राउन आत दाबलेल्या, म्हणजे किल्ली द्यायच्या स्थितीत असू द्या. अंगठा आणि बोटात तो घट्ट धरून थोडीशी किल्ली द्या, म्हणजे रॅचेट व्हीलला (कमानीच्या दातेरी चक्राला) अडवणाऱ्या क्लिकवरचा (खटक्यावरचा) ताण सुटतो. पेगवूडच्या टोकाने क्लिक बाजूला धरा आणि क्राउन बोटांतून हळूहळू उलटा सरकू द्या. एकदम सोडू नका. क्राउन फिरायचा थांबला की क्लिक सोडून परत एकदा तपासा, बहुधा अर्धा वेढा शिल्लक निघतो.

५. यंत्र केसमधून काढणं

इथे अमेरिकन आणि स्विस घड्याळांची वाट वेगळी होते. बहुतेक स्विस यंत्रांत स्टेमजवळचा (क्राउनच्या दांडीजवळचा) छोटा स्क्रू एक-दोन वेढे सैल केला की स्टेम ओढून निघतो. तो स्क्रू पूर्ण काढू नका, तबकडीखालचा सेटिंग लिव्हर निखळून पडतो आणि मग तबकडी काढल्याशिवाय गत्यंतर नाही. बऱ्याच अमेरिकन घड्याळांत स्टेम केसमध्येच राहतो. तिथे क्राउन बाहेर ओढायचा, यंत्राच्या कडेचे दोन केस-स्क्रू सोडवायचे आणि यंत्र हळूच ढकलून काढायचं, बहुधा तबकडीच्या बाजूने. अर्ध्या डोक्याचे स्क्रू असतील तर ते काढायची गरज नाही, सपाट बाजू कडेकडे फिरवली की पुरे.

क्राउन ओढूनही काटे फिरत नसतील तर जोर लावू नका. ते लिव्हर सेट घड्याळ असू शकतं. १८९१ साली ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली, तिच्यानंतर अमेरिकी रेल्वेनं घड्याळांचे कडक नियम आणले. पुढे काटे चुकूनही सरकू नयेत म्हणून रेल्वेच्या घड्याळांना लिव्हर सेट सक्तीचा झाला. समोरची काचेची चौकट उघडा, तबकडीच्या कडेला, बहुधा १ ते २ च्या दरम्यान, एक पातळ पट्टी दिसेल. ती नखाने बाहेर ओढा, मग क्राउन फिरवा.

६. काटे आणि तबकडी

काटे काढताना तबकडीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवा. दोन तरफा समोरासमोर लावून एकाच वेळी दाबा आणि वरून पिशवी धरा, म्हणजे काटा उडून जाणार नाही. सेकंदकाटा सगळ्यात नाजूक. तो फोर्थ व्हील या चक्राच्या लांबट टोकावर बसतो. तिरका ओढला तर ते टोक तुटतं, आणि तुटलेलं टोक जोडता येत नाही.

तबकडी सहसा कडेच्या दोन-तीन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते, ते थोडे सैल करायचे. इनॅमलची तबकडी म्हणजे तांब्यावर भाजलेली काच. तिचे पाय वाकडे ओढले तर पृष्ठभागावर बारीक भेगा उमटतात. मळलेली इनॅमल तबकडी साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुता येते, पण आधी आकड्याच्या कडेला ओल्या कापसाने तपासा. छापील किंवा हाताने रंगवलेलं अक्षर भाजलेलं नसेल तर ते पाण्याबरोबर जातं. चंदेरी धातूची तबकडी मात्र धुवू नका, घासूही नका.

७. यंत्र सुटं करणं

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. प्रत्येक ब्रिजचे स्क्रू त्याच्या शेजारी वेगळ्या वाटीत ठेवा, कारण एकाच जाडीचे स्क्रू लांबीला वेगळे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की टोक पलीकडच्या चक्राला घासतं.

आधी बॅलन्स. कॉकचा (बॅलन्सवरच्या ब्रिजचा) स्क्रू काढा, कडेच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून कॉक जरासा उचला. बॅलन्स हेअरस्प्रिंगला लोंबकळत राहील. तो किंचित फिरवून फोर्कमधून सोडवा, उचला आणि कॉकसकट उलटा करून ठेवा. लोंबकळत ठेवून दुसरीकडे वळू नका.

मग पॅलेट फोर्क, आणि त्यानंतर चक्रांचा ब्रिज. काढण्याआधी चक्रं हलक्या हाताने फिरवून बघा, कुठे अडतं ते इथेच कळतं. क्राउन व्हीलच्या (क्राउनने फिरणाऱ्या चक्राच्या) मधोमध एकच स्क्रू असेल तर तो बऱ्याचदा उलट आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास त्याचं डोकं तुटून हातात येतं.

८. कमान

बॅरलचं (कमानीच्या डबीचं) झाकण उघडून कमान हळूहळू सोडा. बोटांनी ओढू नका, ती सापासारखी उसळते. बाहेर आलेली चांगली कमान इंग्रजी एस अक्षरासारखी उलटी वळते. जुनी निळी पोलादी कमान गुंडाळलेलीच राहिली, तर तिचा दम संपलाय.

नवी मागवताना तीन मापं लागतात: उंची, जाडी, लांबी. शिवाय बाहेरच्या टोकाचा प्रकार आणि वळण्याची दिशाही जुळली पाहिजे. जाडीत गफलत परवडत नाही. कमानीचा जोर जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे ०.२० ऐवजी ०.२२ मिमी जाडीची घातली की जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मग बॅलन्स गरजेपेक्षा जास्त झुलून फोर्कला मागून ठोकतो आणि घड्याळ घोड्यासारखं दौडतं. पांढऱ्या मिश्रधातूच्या नव्या कमानी जुन्या पोलादीपेक्षा जोरकस असतात, म्हणून जाडी जुन्याहून थोडी कमीच ठेवा.

कमान हाताने बॅरलमध्ये गुंडाळली तर ती शंकूसारखी वाकते आणि झाकणाला घासते. वाइंडर (कमान गुंडाळायचं साधन) वापरा, किंवा गोल कडीतली तयार कमान घेऊन थेट बॅरलमध्ये ढकला.

९. धुणं

घड्याळ धुवायचं खास द्रावण, मग दोनदा स्वच्छ रिन्स, मग कोमट हवा. अमोनियाचं द्रावण असेल तर बाटलीवर लिहिली आहेत तेवढीच मिनिटं भाग ठेवा, रात्रभर नाही, कारण अमोनियाने पितळ चिरतं. सोनेरी मुलामा दिलेल्या जुन्या प्लेटवर ब्रश हलका चालवा.

पॅलेटचे दगड आणि बॅलन्सवरचं इम्पल्स ज्वेल (फोर्कच्या खाचेत शिरणारा खडा) लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून फोर्क आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये बुडवू नका. या दोघांना शुद्ध नाफ्ताची छोटी डुबकी पुरते. नाफ्ता पेट घेतो, तेव्हा तो अल्ट्रासॉनिक टाकीत ओतू नका, खिडकी उघडी ठेवा आणि आसपास ज्योत नको.

धुतल्यावर खरी मेहनत ज्वेलच्या छिद्रांची. पेगवूडची काडी अगदी बारीक छिला, छिद्रात घालून फिरवा, टोक काळं झालं की नवं टोक छिला, आणि काडी पांढरी निघेपर्यंत थांबू नका. धुतलेल्या यंत्रातसुद्धा पहिल्या दोन-तीन काड्या काळ्या निघतात. घासाघीस तिथेच असते, म्हणून ही पायरी टाळलेलं घड्याळ पुन्हा लवकर बंद पडतं.

१०. जोडणी आणि तेल

चक्रं जागेवर ठेवून ब्रिज वरून ठेवा. सगळी टोकं आपापल्या छिद्रांत आली की तो स्वतःच्या वजनाने बसतो. बसत नसेल तर दाबू नका, एकेक टोक पेगवूडने सरकवा. स्क्रू अर्धवट पिळा, चक्र फिरतंय का बघा, मग पूर्ण पिळा. फिरायचं थांबलं तर टोक छिद्राबाहेर आहे आणि तुम्ही ते चिरडताय.

फोर्क लावण्याआधी रॅचेट दोन दात फिरवा. चक्रांनी सुरळीत धाव घ्यायला हवी, आणि थांबताना एस्केप व्हीलने (फोर्कशेजारच्या शेवटच्या चक्राने) किंचित उलटा झोका घ्यायला हवा. तो दिसला नाही तर कुठेतरी अडथळा आहे, पुढे जाऊ नका.

तेलाचा नियम सोपा: हळू आणि जोरात दाबणाऱ्या ठिकाणी घट्ट तेल, भरभर फिरणाऱ्या ठिकाणी पातळ. बॅरलचा दांडा, सेंटर व्हील (मधलं चक्र) आणि कॅनन पिनियनला (मिनिटकाटा बसतो त्या नळीला) मोबियस कंपनीचं एचपी १३०० तेल चालतं. एस्केप व्हील, फोर्थ व्हील, बॅलन्सला ९०१०. पॅलेटच्या दगडांवर ९४१५ ग्रीसचा नुसता स्पर्श. सुईच्या टोकावर टाचणीच्या टोकाहून लहान थेंब घ्या. ज्वेलभोवतीची वाटी अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरली की पुरे. काठोकाठ भरलेलं तेल वाटीत टिकत नाही, प्लेटवर पसरतं आणि ज्वेल कोरडं राहतं.

तेल इथे द्यायचं नाही: चक्रांचे दात, हेअरस्प्रिंग, इम्पल्स ज्वेल आणि फोर्कची खाच. फोर्कचे पिव्हटही कोरडेच ठेवतात. डबल्यूडी-४० सारखे फवारे घड्याळात कुठेच नकोत.

बॅलन्स शेवटी. कॉकसकट उलटवून तो जागेवर न्या, इम्पल्स ज्वेल फोर्कच्या खाचेत येऊ द्या. बॅलन्स झुलू लागला की मगच स्क्रू पिळा, आणि पिळतानाही नजर बॅलन्सवरच ठेवा.

११. वेळ जुळवणं

जुन्या पॉकेट वॉचचा ठोका बहुतेक वेळा तासाला १८,००० असतो, म्हणजे सेकंदाला पाच. काही त्याहून हळूही असतात. मोबाइलमधलं टायमिंग ॲप चालतं, पण आधी कान लावा. टिक आणि टॉकमध्ये सारखं अंतर हवं. लंगडा आवाज आला तर रेग्युलेटरला (वेग कमी-जास्त करायच्या काट्याला) हात लावू नका, तो दोष हेअरस्प्रिंगच्या कॉलेटचा (तिला दांड्यावर धरणाऱ्या कड्याचा) आहे. कॉलेट फिरवणं नवशिक्याचं काम नाही.

पूर्ण किल्ली देऊन, तबकडी वर ठेवल्यावर बॅलन्स २७० अंशांच्या आसपास झुलला तर काम उत्तम झालं. उभं धरल्यावर २२० आले तरी जुन्या यंत्राला पुरेसे आहेत. बॅलन्स जोमाने झुलत असूनही घड्याळ पुढे-मागे जात असेल, तरच रेग्युलेटर हलवायचा. त्यावर एफ म्हणजे पुढे आणि एस म्हणजे मागे. फ्रेंच खुणांत ए म्हणजे पुढे आणि आर म्हणजे मागे. एका वेळी केसभरच सरकवा, रोज ठराविक वेळी किल्ली द्या आणि २४ तासांनी तुलना करा. तबकडी वर, तबकडी खाली आणि क्राउन वर, या तीन स्थितींत वेगळा फरक येणारच. साध्या यंत्राने दिवसाला एक-दोन मिनिटांत राहावं, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

१२. केस आणि काच

केस पुसायची ती यंत्र बाहेर असतानाच. पॉलिशने कोरीव काम झिजतं आणि पत्रा चढवलेल्या केसमधून पितळ डोकावू लागतं, म्हणून साबणाचं पाणी आणि मऊ कापड एवढ्यावर थांबा. काच झटपट सुकणाऱ्या सुपर ग्लूने चिकटवू नका, त्याची वाफ तबकडीवर आणि काचेच्या आतून पांढरं धुकं सोडते. झाकणाच्या हंटर केसला वेगळी, पातळ काच लागते. जाड बसवली तर झाकण मिटत नाही किंवा काच तडकते. हंटरचं झाकण बंद करताना क्राउन दाबून धरा, झाकण मिटवा आणि मग क्राउन सोडा. खटकन आपटून बंद केलं की झाकणाची कड झिजते, आणि काही वर्षांनी ते आपोआप उघडू लागतं.